व्हिटॅमिन डीचे थेंब, गमी, कॅल्शियम आणि डेक्सा स्कॅन: क्रोन्स असलेल्या लेकीसाठी तीन वर्षं वापरून

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर आम्ही चार-पाच कंपन्यांच्या बाटल्या संपवल्यात, आणि दुसरं म्हणजे नाव बघून बाटली उचलणं हीच आमची पहिली चूक होती. रिव्ह्यू व्हिटॅमिन डीच्या थेंबांचा आहे पण त्या नादात गमी (जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या), स्प्रे, आठवड्याची कॅप्सूल, कॅल्शियमच्या गोळ्या, रक्ताची लॅब आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन असं सगळंच येणारे, लांबलचक होईल, ज्यांना घाई आहे त्यांनी थेंबांचा भाग वाचा आणि सुटा.

लेक आता १४ची. ११ची असताना क्रोन्स निघाला, म्हणजे आतड्याला सूज येणारा दीर्घकाळचा आजार. त्याआधी वर्षभर पोट दुखतंय, वजन वाढत नाही, आणि उंची तर अशी अडकली होती की दाराच्या चौकटीवर पेन्सिलने केलेल्या दोन वाढदिवसांच्या खुणा जवळजवळ एकमेकींवर बसल्या होत्या. निदान झालं तेव्हा आमचं सगळं लक्ष आतड्याकडे. डॉक्टर मॅडमनी हाडांचा विषय काढला तेव्हा मी मनात म्हटलं, पोरीचं पोट दुखतंय आणि या हाडांचं काय घेऊन बसल्यात. रिपोर्टमध्ये डी होतं ९. नॅनोग्रॅम प्रति मिली या मापात २०च्या खाली कमी धरतात, आणि पोटाचे बरेच डॉक्टर अशा मुलांचं ३०च्या वर ठेवायला बघतात. म्हणजे आम्ही निम्म्याच्याही खाली.

मी बांधकामाच्या लायनीतला माणूस, त्यामुळे मॅडमनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत असं लावून घेतलं. कॅल्शियम म्हणजे माल. डी म्हणजे ट्रकमधून माल उतरवून साइटवर आणणारा हमाल, तो नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट येतच नाही. पण माल साइटवर पडला म्हणून भिंत उभी राहते का? गवंडी लागतो ना. हाडात पण गवंडी असतात, नवीन हाड बांधणाऱ्या पेशी, आणि तोडफोडवाले पण असतात, जुनं हाड खरवडून काढणाऱ्या. दोघंही लागतात, एरवी दोघांचं जमतं. पण आतड्यात सूज पेटलेली असली की त्या सुजेतून टीएनएफ, आयएल-६ असले पदार्थ रक्तात फिरायला लागतात आणि ते गवंड्याचे हात बांधतात, तोडफोडवाल्याला मात्र जोर देतात. त्यात स्टिरॉइड. स्टिरॉइडने पोटाला झटकन आराम पडतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याला नावं ठेवणार नाही, पण तेच स्टिरॉइड गवंड्याला घरी बसवतं, आतड्यातून कॅल्शियम घेणं कमी करतं आणि वर लघवीतून कॅल्शियम घालवतं. तिहेरी मार.

आणि वय नेमकं वाईट. स्लॅब टाकल्यावर पहिल्या दिवसांत पाणी मारायचं असतं, नंतर कितीही पाइप सोडून ठेवा तो मजबूतपणा येत नाही. हाडांचं बरंचसं तसंच. मोठेपणी माणसाकडे जेवढं हाड असतं त्यातला साधारण पाव हिस्सा उंची सपाट्याने वाढते त्या दोन वर्षांच्या आसपास भरला जातो, आणि विशीपर्यंत बहुतेक काम उरकलेलं असतं. क्रोन्सने आमच्या पोरीचं वयात येणंच पुढे ढकललं. नंतर भरपाई होते, पण सगळी होईलच अशी खात्री कोणी देत नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच की पुढे मी थेंबांना चांगलं म्हणणार आहे, आणि ते वाचून कोणी असं समजू नये की थेंबांनी हाडं मजबूत होतात. थेंबांनी डीचा आकडा वाढतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला मला दोन वर्षं आणि दोन डेक्सा लागले.

आता थेंब. मॅडमनी रोज २००० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) लिहून दिलं होतं, डी३ म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल. हा आमच्या पोरीचा डोस, तिच्या रिपोर्टवरून दिलेला, तुमच्या मुलाचा तुमचे डॉक्टर ठरवतील. नुसतं माहिती म्हणून, धडधाकट मुलाला एका वर्षानंतर रोजची गरज ६०० धरतात आणि ९ वर्षांच्या पुढे डॉक्टरांना न विचारता ४००० च्या वर जाऊ नये असं मानतात, लहान मुलांना मर्यादा त्याहून खाली. पहिली बाटली आली ती एका थेंबाला ४०० वाली. पाच थेंब, हिशोब सोपा. चमच्यात टाकायचे, चव नाही, वास नाही, पोरगी काही न बोलता घ्यायची. तीन महिन्यांनी रिपोर्ट २४. आम्ही खूश.

मग ती बाटली संपली आणि दुकानदाराने दुसरी दिली, 'सेमच आहे साहेब'. खोक्यावर ठळक अक्षरात ४०० आययू. आम्ही पाच थेंब चालू ठेवले. पुढचा रिपोर्ट १४. घरात सुतकी कळा. आतडं शोषून घेत नाहीये, रोग वाढलाय, औषध बदलावं लागणार, असं सगळं मनात येऊन गेलं, बायको दोन रात्री झोपली नाही. मॅडम म्हणाल्या बाटली घेऊन या. त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं आणि बाटली माझ्यापुढे ठेवली. त्या बाटलीत ४०० आययू एका थेंबात नव्हते, एका मिलीमध्ये होते. एका मिलीत वीसेक थेंब तरी बसतात, म्हणजे पाच थेंबांत जेमतेम शंभर. २००० ऐवजी शंभर, आणि ते अडीच महिने. आतड्याचा काही दोष नव्हता, दोष बापाचा होता.

हे उलटं झालं असतं तर? म्हणजे आधी मिलीवाली बाटली, डोस एक मिली, आणि मग हातात आली थेंबवाली. वीस थेंब गुणिले ४००, आठ हजार, रोज. आणि ही भीती माझ्या डोक्यातली नाही, २०१० साली अमेरिकेच्या एफडीएने तान्ह्या बाळांच्या बाबतीत याच गोष्टीचा इशारा दिला होता, की काही थेंबांच्या बाटल्यांबरोबर येणारा ड्रॉपर एवढा मोठा असतो की बाळाला नकळत जास्त डी जाऊ शकतं. जास्त डी झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, सारखी तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, भूक जाते, किडनीवर येतं. आणि क्रोन्सच्या मुलाला उलट्या झाल्या, भूक गेली तर घरातले सगळे आधी कुठे बोट दाखवणार? पोटाकडे. बाटलीकडे कोणी बघणार पण नाही.

तेव्हापासून आमच्या घरात नियम, नवी बाटली फोडली की आधी मार्करने तिच्यावर मोठ्ठं लिहायचं, 'एक थेंब = इतके', आणि मग फ्रीजवर लावलेल्या कागदावर थेंबांची संख्या. शिवाय आता काही बाटल्यांवर आययू ऐवजी मायक्रोग्रॅम असतं, तिथे ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम, आमचे २००० म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. ५० वाचून एकदा बायको म्हणाली अहो हे फारच कमी आहे चाळीस गोळ्या द्यायच्या का, थट्टेत म्हणाली पण मला घाम फुटला.

ड्रॉपरला माझ्याकडून एक स्टार. बाटलीला चार. बाटली तिरकी धरली की थेंब मोठा पडतो, सरळ उलटी धरली की कधी पडतच नाही, मग हलवायची आणि दोन एकदम. 'बाबा, सहा पडले, आता?' काही नाही होत एका थेंबाने, पण रोज सकाळी तेच. ज्या कंपनीने पिचकारीसारखी मोजपट्टीची सिरिंज दिली होती ती सगळ्यात बरी. शक्य असेल तर तशी घ्या.

तेलातली की पाण्यातली हा एक वाद आहे. डी तेलात विरघळणारं जीवनसत्त्व, ते शोषायला पित्त लागतं, आणि पित्तातली आम्लं शरीर परत घेतं ती लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. क्रोन्सची आवडती जागा नेमकी तीच, आमच्याकडेही तिथेच. म्हणून काहीजण पाण्यात मिसळणारे, बारीक कणांचे थेंब विकतात आणि खोक्यावर असं लिहितात की जणू बाकीच्यांचं सगळं वाया जातं. आम्ही दोन्ही वापरले. तेलाचे थेंब पोटभर जेवणाबरोबर दिले, ज्यात थोडं तरी स्निग्ध आहे अशा, तेव्हा आकडा व्यवस्थित वर गेला. सकाळी रिकाम्या पोटी शाळेच्या घाईत दिले तेव्हा नाही. पाण्याच्या थेंबांनी आमच्याकडे काही चमत्कार झाला नाही, चव मात्र विचित्र गोड. ज्यांचं आतडं कापलेलं आहे किंवा शौचातून फॅट जातं त्यांचा प्रश्न वेगळा असेल, ते डॉक्टरच बघतील. आणि हो, पित्तामुळे होणाऱ्या जुलाबासाठी कोलेस्टिरामिनची पावडर कोणाला चालू असेल तर ती डीला पण धरून बाहेर नेते, वेळेत अंतर किती ठेवायचं ते विचारून घ्या.

गमीबद्दल लिहायला हात शिवशिवतोय.

पोरगी १२ची झाली आणि तिला थेंबांची लाज वाटायला लागली, 'बाळांचं औषध आहे ते'. मावशीने गमी आणून दिल्या, अस्वलाच्या आकाराच्या, म्हणजे त्या काय मोठ्यांच्या होत्या का, पण चालल्या. दुसऱ्या आठवड्यात जुलाब. दिवसाला चार-पाच वेळा, पोटात गुडगुड, गॅस. आम्ही सरळ फ्लेअर, म्हणजे रोग परत उसळला, असं धरलं, शाळा बंद, शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट केली, ती चांगली आली, सूज नाहीच. मग हे काय? लेबलवर शेवटच्या ओळीत, अक्षरं मुंगीएवढी, मॅल्टिटॉल आणि सॉर्बिटॉल. 'शुगर फ्री' म्हणून जे मिरवतात ते बऱ्याचदा याच्या जिवावर, आणि हे पदार्थ नीट पचत नाहीत, आतड्यात पाणी ओढतात, धडधाकट माणसाला पण जास्त झाले तर पळवतात. गमी बंद केल्या, चार दिवसांत पोट जागेवर. चघळायच्या कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये पण कधी कधी हेच असतं, बघून घ्या. दुसरी खोच, खोक्यावरचा आकडा एका गमीचा नसतो, 'एका सर्व्हिंगचा' असतो, सर्व्हिंग म्हणजे दोन किंवा तीन. तिसरी, लहान भाऊ कपाट उघडून चॉकलेटसारख्या खातो. गमीला शून्य देता येत नाही म्हणून एक.

गालात मारायचा स्प्रे महिनाभर आणला होता, आकडा तपासण्याआधीच नळी तुंबली, त्यामुळे मत नाही.

मधे असं झालं की रोजचं रोज घेणं जमेना, परीक्षा, कंटाळा, पौगंडावस्था काय म्हणतात ती. तेव्हा मॅडमनी सहा आठवडे आठवड्यातून एकदा मोठ्या डोसची कॅप्सूल दिली. मला वाटलं हे काहीतरी जुगाड आहे, तर त्यांनी सांगितलं की आयबीडीच्याच (क्रोन्ससारखे आतड्याच्या सुजेचे आजार) मुलांवर झालेला अभ्यास आहे, २०१२ सालचा, त्यात डी कमी असलेल्या मुलांचे तीन गट होते आणि सहा आठवडे औषध दिलं, एका गटाला रोज २००० डी२ (डीचाच दुसरा प्रकार), एकाला रोज २००० डी३, एकाला आठवड्याला ५०,००० डी२. रोजच्या डी३ने आणि आठवड्याच्या मोठ्या डोसने आकडा चांगला चढला, रोजच्या डी२ने तितका नाही. म्हणजे डी२ की डी३ हे लेबलवर बघायला अर्थ आहे. आमच्याकडे आठवड्याची कॅप्सूल चालली, रविवारची रविवारी, विसरायला वाव कमी. धोका असा की कोणीतरी ती रोजची समजून देईल, म्हणून पाकीट मी माझ्या कपाटात ठेवायचो.

कॅल्शियमवर जास्त वेळ घालवत नाही पण एक-दोन गोष्टी कोणी सांगत नाही. ९ ते १८ वयाला दिवसाला १३०० मिलिग्रॅम लागतं, ते शक्य तेवढं जेवणातूनच यावं, गोळी कमी पडेल तेवढ्यापुरती. गोळीवर १२५० लिहिलेलं असेल आणि ते कार्बोनेट असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० च असतं, कार्बोनेटमध्ये ४० टक्के, सायट्रेटमध्ये २१ टक्के. कार्बोनेट जेवणाबरोबर, सायट्रेट कधीही चालतं. एका वेळी पाचशेच्या वर दिलं तर पुढचं नीट शोषलं जात नाही, म्हणून दोनदा विभागून. आणि लोह! आयबीडीच्या बऱ्याच पोरांना लोहाची गोळी चालू असते, आम्ही सहा महिने दोन्ही एकत्र गिळायला लावत होतो, सकाळी सगळं एकदाच संपवून टाकू म्हणून. कॅल्शियम लोहाला नीट आत येऊ देत नाही. दोघांत दोनेक तासांचं अंतर पाहिजे. क्रोन्सच्या मुलांना कधी नुसतं पोषणाच्या दुधावर ठेवतात ना, सहा ते आठ आठवडे जेवण बंद आणि फक्त ते पेय, त्या काळात त्या पेयातच डी आणि कॅल्शियम असतं, ते धरून वरचा डोस ठरतो, आम्ही विचारलं म्हणून कळलं नाहीतर दुप्पट दिलं असतं.

आता शेजारपाजारचा सल्ला, फुकट आणि भरपूर. 'अहो औषधं कसली देता, उन्हात बसवा तिला तासभर.' ऊन चांगलंच आहे, नाही म्हणत नाही मी. पण आमच्या पोरीला अ‍ॅझाथायोप्रिन नावाचं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू होतं, आणि ते चालू असलेल्यांना त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून डॉक्टर उलट उन्हापासून जपायला सांगतात, टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. मग बसवू कुठे? आणि काचेच्या खिडकीआड बसून तर काहीच होत नाही, डी तयार करणारे किरण काच अडवते, आजी बिचारी रोज दुपारी नातीला खिडकीत बसवायची, दोघींच्या गप्पा झाल्या तेवढा फायदा. सावळ्या त्वचेला तर वेळ पण जास्त लागतो.

लॅबचा अनुभव. एका लॅबने, नाव नको, टेस्टच चुकीची केली. चिठ्ठीवर होतं २५-हायड्रॉक्सी, त्यांनी केली १,२५-डायहायड्रॉक्सी, आणि रिपोर्ट आला मस्त नॉर्मल. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. मॅडम म्हणाल्या हा रिपोर्ट बाजूला ठेवा. शरीरात साठा किती आहे ते २५ वाल्यातून कळतं, १,२५ हे तयार झालेलं हार्मोन आहे आणि साठा कमी असताना पण पॅराथायरॉइड ग्रंथी जोर लावून ते नॉर्मल किंवा चढं ठेवू शकते. म्हणजे तिजोरी रिकामी आणि पाकिटात मात्र उसने पैसे, तशी गत. दुसरं माप. वेटिंग रूममध्ये एक बाबा छाती फुगवून सांगत होते आमचं ४८ आहे, आणि मी २४ घेऊन तोंड पाडून बसलेलो. त्यांचा रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटर या वेगळ्या मापात होता, अडीचने भागलं की झालं १९. त्यांना सांगितलं, त्यांना आवडलं नाही. शिवाय सूज चढलेली असताना डीचा आकडा थोडा खाली दिसू शकतो, म्हणून आता आम्ही सीआरपी, म्हणजे सुजेची रक्ततपासणी, बरोबरच करतो. आणि डोस बदलला की लगेच पंधरा दिवसांत टेस्ट करून उपयोग नाही, आकडा स्थिरावायला तीनेक महिने द्यायला लागतात.

आता डेक्सा. खरं तर हा भाग वाचावा म्हणूनच लिहायला घेतलं.

स्कॅन म्हणून घाबरायचं काही नाही. टेबलावर आडवं व्हायचं, वरून एक हात सरकत जातो, दहा-पंधरा मिनिटं, सुई नाही, नळी नाही, आवाज पण फारसा नाही, किरणांचा डोस अगदी नगण्य. पोरीने त्यातल्या त्यात ही तपासणी आवडली म्हणून सांगितलं, कारण रेचक प्यावं लागलं नाही. कॉलोनोस्कोपी झालेल्या घरांना कळेल.

पण आम्ही पहिला केला तो सेंटर मोठ्यांचा होता. रिपोर्टवर टी-स्कोअर छापलेला आणि खाली सरळ 'ऑस्टिओपोरोसिस'. ११ वर्षांच्या मुलीला! टी-स्कोअर म्हणजे तरण्या मोठ्या माणसाच्या पूर्ण भरलेल्या हाडाशी तुलना, लहान पोराची त्याच्याशी तुलना केली तर कोणीही नापासच होणार. मुलांमध्ये झेड-स्कोअर बघतात, त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशी. आमचा झेड होता उणे २.३. उणे दोन आणि त्याखाली म्हणजे वयाच्या मानाने कमी, एवढंच म्हणायचं, मुलांना ऑस्टिओपोरोसिस हा शब्द नुसत्या स्कॅनवरून लावतच नाहीत, त्यासाठी मणका विनाकारण दबलेला असावा लागतो, किंवा कमी घनतेबरोबर लांब हाडं पुन्हा पुन्हा मोडल्याचा इतिहास.

त्यातही अजून एक मेख. मशीन सपाट चित्र काढतं, हाडाची जाडी त्याला कळत नाही, त्यामुळे बुटक्या मुलाचं हाड चांगलं असलं तरी आकडा कमी येतो. आणि क्रोन्सची बरीच मुलं बुटकी असतात, तोच तर रोगाचा एक चेहरा. उंची धरून हिशोब केल्यावर आमचा उणे २.३ झाला उणे १.४. तेच हाड, तोच दिवस. मधल्या आठ दिवसांत मी पोरीला जिना पण धरून उतरवत होतो. दुसरा स्कॅन मुलांचं काम करणाऱ्या ठिकाणी केला, तिथे कंबरेचे मणके आणि डोकं वगळून बाकी शरीर असा केला, उंची मोजून आत टाकली, झेडच छापला. स्टार द्यायचे तर पाच. जायच्या आधी फोन करून एवढंच विचारा, मुलांचा झेड-स्कोअर देता का, उंचीचा हिशोब करता का. समोरून 'म्हणजे काय' आलं तर दुसरीकडे जा. पाठदुखी असेल तर डॉक्टर मणक्याचा बाजूने एक्स-रे पण काढतात, कारण मणका दबलेला असून कधी कधी दुखत पण नाही, आमचा काढला, ठीक होता.

तर एका वर्षाने दुसरा डेक्सा. या वर्षात थेंबांचा घोळ निस्तरून डी ३४ वर आलेलं, कॅल्शियम वेळेवर, बाप तक्ता भरतोय. मला वाटलं आता आकडा उडी मारणार. आला उणे १.४. तसाच. जागचा हलला नाही. मी मॅडमना जवळजवळ भांडायच्या सुरात विचारलं, मग हे थेंब कशाला पाजतोय आम्ही? त्या शांतपणे म्हणाल्या, डी कमी ठेवून चालणार नाही, पण ते भरलं म्हणून हाड आपोआप भरत नाही. २००७ मध्ये पण आयबीडीच्या मुलांना वर्षभर कॅल्शियम आणि डी देऊन बघितलं होतं, घनता वेगाने वाढली नाही. आणि मग मला माझाच गवंडी आठवला. साइटवर मालाचे ढीग लागलेत, हमाल घाम पुसतोय, आणि गवंडी संपावर. त्या वर्षात पोरीला दोन फ्लेअर आले होते, दोन वेळा स्टिरॉइड झालं होतं. मी डीचा आकडा बघत बसलो आणि सूज बघितलीच नाही.

पुढे इन्फ्लिक्सिमॅब हे क्रोन्सचं औषध सुरू झालं. ते टीएनएफलाच अडवतं, आणि क्रोन्सच्या मुलांमध्ये ते सुरू केल्यावर काही आठवड्यांतच हाड बांधलं जात असल्याच्या खुणा रक्तात वाढलेल्या दिसल्या आहेत. स्टिरॉइड सुटलं. भूक आली. चौकटीवरच्या खुणा वर सरकायला लागल्या, पाळी आली, मैत्रिणींपेक्षा उशिरा पण आली. संध्याकाळी ती दोरीच्या उड्या मारायला लागली, मॅडमनीच सांगितलं होतं, हाडाला वजन आणि धक्का लागतो, नुसतं सायकल आणि पोहणं तेवढं काम करत नाही. तिसरा डेक्सा उणे ०.८. थेंब तेच, डोस तोच, डी ३६, म्हणजे आधीपेक्षा दोनच जास्त.

म्हणून थेंबांना चार स्टार, पण कशासाठी ते समजून घ्या. डीचा आकडा वर न्यायचं आणि तिथे ठेवायचं हे काम ते नीट करतात, एवढंच त्यांचं काम. खोक्यावर पळणाऱ्या पोराचं चित्र असतं ना मजबूत हाडांवालं, त्या चित्राचे स्टार मी इन्फ्लिक्सिमॅबला देतो. आणि ज्यांच्या मुलाचं डी आधीच ठीक आहे त्यांनी 'अजून थोडं बरं' म्हणून ओतत बसू नका, ३५ चं ७० केल्याने स्लॅब दुप्पट जाड होत नाही.

काय घ्यावं असं कोणी विचारलं तर मी सांगेन डी३, एका थेंबाला किंवा सिरिंजच्या एका रेघेला किती ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं, साखरेचे नखरे नसलेलं, आणि दर वेळी तीच बाटली मागून घ्या, बदली दिली तर घेऊ नका.

परवाच नवीन बाटली आली. मी चष्मा शोधतोय तोवर लेकीने मोबाइलने फोटो काढून लेबल मोठं करून वाचलं. 'बाबा, ही एका थेंबाला २०० वाली आहे. दहा थेंब कोण मोजत बसणार, परत दे.' सील फोडलेलं नाहीये, उद्या दुकानात जातो, बघू घेतात का.